आधी वर्णन, मग नाव

आमच्या शिरढोणला विहीर खणली की काळा कातळ लागतो. कर्नाळ्याचा सुळका ज्या बेसाल्टचा, तोच इथे पायाखाली. शेलशी, म्हणजे चिखलाचे पदर दडपून झालेल्या खडकाशी, माझी गाठ पडली ती चंद्रपूरकडे, वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या बोअरहोलमधून निघालेल्या कोअरची, म्हणजे खडकाच्या नळकांड्यांची, नोंद करताना.

नोंदीत नुसतं ‘काळा शेल’ लिहिलेलं मला खपत नाही. बाराकार या खडकसमूहातल्या कोळशाला लागून शेल येतो आणि तो खाणीच्या छतात असला, की खाली काम करणाऱ्यांचा जीव त्याच्यावर अवलंबून. पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा शेल वेगळा, वाळूचे बारीक पदर असलेला वेगळा. म्हणून कोअर आधी धुवायचा. ओला असतानाचा रंग लिहायचा, वाळल्यावरचाही. बारीकसा कण दाताखाली धरायचा: कचकचला तर त्यात बारीक रेती आहे, मऊ लागला तर निव्वळ चिखलाचा. हातात तोलून पाहायचा. काळेपणा फसवतो, वजन सहसा फसवत नाही, शेल कोळशाहून जडच. मग पदरावर हलका घाव घालून उघडायचा. कधी आत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचं पान निघतं, मधली जाड शीर आणि दोन्ही अंगांना जाळी. असं पान दिसलं की आजही मी हातातलं काम थांबवतो. शेवटी, शेल कोळशात एकदम संपतो की हळूहळू मिसळत जातो, तेही खोलीसकट लिहायचं.

नावाची घाई नको. राणीगंजच्या कोळसाक्षेत्रात जुन्या भूवैज्ञानिकांनी एका खडकसमूहाला ‘आयर्नस्टोन शेल’ म्हटलं, कारण त्यात लोहखनिजाच्या गाठी होत्या. कुल्टीच्या भट्ट्यांनी त्या वितळवल्याही. पण शेजारच्या झरियात त्याच पातळीवर तशा गाठी फारशा नाहीत. तिथे कामाचा कोळसाही नाही, म्हणून नाव पडलं ‘बॅरन मेझर्स’. राणीगंजच्या समूहाला पुढे कुल्टीचंच नाव मिळालं. मला गावाचं नाव बरं वाटतं. खडक पुढे बदलला तरी ते खोटं पडत नाही, आणि मूळ छेद कुठे पाहायचा ते कळतं.

आपल्याकडचं कामठी हे समूहाचं नावही तसंच, गावावरून पडलेलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी, सिलेवाडा भागातून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. कामठीचं नाव आज चंद्रपूरच्या वालुकाश्मांनाही लागतं. पण तांबडं दिसलं की कामठी, असं नव्हे. हवापाण्याने झिजलेला बाराकारही तांबूस होतो. शेजारच्या बोअरहोलच्या नोंदीतून नाव उचलून इथे चिकटवणं मी कोणाला करू देत नाही. कोअरची पेटी उघडायला लावतो.