झाड तिथेच होतं

कातानिया, सिसिली
फेब्रुवारीअखेर

प्रिय नलू,

युरोपात आता नवं झाड सापडायचं काय शिल्लक राहिलंय, असं तू विचारलंस. प्रश्न वाजवी आहे. हजारो वर्षं इथे माणसं ऑलिव्ह लावतायत, शेळ्या चारतायत, लढाया करतायत आणि वर पुस्तकंही लिहितायत. अशा मुलखात वनस्पतीची नवी जात सापडणं म्हणजे लक्ष्मी रोडवर कुणाला अचानक नवी गल्ली सापडावी, तसंच वाटणार. पण सापडतात बाई! आणि सापडतात त्या निबिड अरण्यात वगैरे नाही, बहुतेक वेळा लोकांच्या नाकासमोर. लेकीकडे राहायला आल्यापासून मला या विषयाचं वेड लागलंय. नातू शाळेत गेला की दुपार माझी. वीया एत्नेआवर इथलं बोटॅनिकल गार्डन आहे, 1858 साली तोर्नाबेने नावाच्या एका बेनेडिक्टाइन साधूने उभं केलेलं. तिथे जाऊन बसते. बी.एस्सी.चं बॉटनी बँकेत गेल्यावर तू विसरलीस आणि शाळेत शिकवून शिकवून मी. आता पुन्हा उजळणी चाललीय.

आधी जवळची गोष्ट सांगते. सिसिलीच्या आग्नेयेला इब्ले नावाचे डोंगर आहेत. त्यांत बुक्केरी गाव, आणि गावाजवळ बोस्को पिसानो नावाचं रान. बुचाचा ओक, रानटी ऑलिव्ह, काटेरी झुडपं, आणि त्यातून फिरणारी गुरं. 1991 साली या रानात दोन-तीन मीटर उंचीची, गुरांनी खुडखुडून खुरटलेली काही झाडं वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत भरली. पानांच्या कडा दातेरी, बाकी दिसायला काही विशेष नाही. मोजून पाहिली तर अडीचशेच्या आत-बाहेर. ती होती झेल्कोवा. पुढच्या वर्षी दी पास्क्वाले, गार्फी आणि केझेल या तिघांनी तिचं नाव जाहीर केलं, झेल्कोवा सिक्युला.

यात एवढं काय, म्हणशील. अगं, झेल्कोवा हे आपल्या वावळ्याच्या कुळातलं झाड, म्हणजे एल्मचं भाऊबंद. तिच्या जाती उरल्यात त्या चीन-जपानात, कॉकेशसच्या बाजूला, आणि क्रीटच्या डोंगरांत. जपानमधली तर बोन्सायवाल्यांची लाडकी. एकेकाळी ती युरोपभर होती, जीवाश्म सापडतात. मग थंडीच्या लाटा आल्या, कोरडे काळ आले आणि ती पुसली गेली. म्हणजे ‘नवी’ म्हणून जाहीर झालेली ही जात म्हणजे मागे राहिलेली म्हातारी! आणि सापडली कुठे, तर सिसिलीत. सतराव्या शतकात इथल्या कुपानी नावाच्या साधूने गावोगावची झाडं लिहून काढली होती. आपल्या बागांतला स्वीट पी इंग्लंडला पोचला, तो त्यानेच 1699 साली पाठवलेल्या बियांमुळे. त्याच्यानंतर गुस्सोने आला, आणखी कितीतरी आले. सगळ्यांच्या चाळणीतून ही झुडपं निसटली. गुराख्यांनी मात्र ती रोज पाहिलेली असणार.

तसंच क्रीटचं. तिथे पूर्व टोकाला वाई नावाचा समुद्रकिनारा आहे, मागे खजुरांचं मोठं बन. पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर ते हमखास असतं. स्थानिक दंतकथा अशी की, परदेशी चाच्यांनी खजूर खाऊन बिया टाकल्या, त्यातून हे बन उगवलं. खजूर म्हणजे अरबस्तानचाच, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की, 1967 साल उजाडेपर्यंत कुणी नीट वाकून पाहिलं नाही. त्या साली व्हेर्नर ग्रॉयटर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती वेगळी जात असल्याचं दाखवलं. फळं लहान, चोथट, खाण्यात मजा नाही. बुंधे एकाच बुडातून अनेक. ग्रॉयटरने नाव दिलं फिनिक्स थिओफ्रास्टी, कारण अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने क्रीटच्या खजुरांचा उल्लेख तेवीसशे वर्षांपूर्वीच करून ठेवला होता. म्हाताऱ्याने बरोबर पाहिलं होतं, आपणच चाच्यांच्या गोष्टीवर विश्वास ठेवला. पुढे तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरही हा खजूर सापडला.

आणखी एक, पटकन सांगून टाकते. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळ डोंगराच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या हरितगृहांचा पांढरा समुद्र पसरलाय, युरोपभरचे टोमॅटो नि काकड्या तिथून जातात. त्याच डोंगरातून, सिएरा दे गादोरमधून, 2017 साली नुसती जात नव्हे, आख्खा नवा जीनस जाहीर झाला. स्नॅपड्रॅगनच्या गोतावळ्यातला. नाव गादोरिया.

या टापूत एवढी विविधता का, तर भूमध्य सागराभोवती सुमारे 25,000 जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी जगात दुसरीकडे कुठे नाहीत. बेटं, कडे, डोंगररांगा, आणि उन्हाळ्यात पावसाचा टिपूस नाही. त्यात या समुद्राचा इतिहासही विचित्र. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकची वाट बंद झाली आणि समुद्र बराचसा आटला. 53 लाख वर्षांपूर्वी पाणी परत आत शिरलं. जी झाडं जिथे होती तिथे कित्येक कायमची अडकली आणि आपापल्या कड्यावर आपापल्या पद्धतीने बदलत गेली.

पण खरी गंमत डोंगरात नाही, कपाटात आहे. आठवतं, आपण हर्बेरियमसाठी झाडं वर्तमानपत्रात दाबायचो आणि सरांना द्यायच्या आदल्या रात्री बुरशी पुसत बसायचो? ही विद्या इटलीचीच. सोळाव्या शतकात लुका गिनी नावाचा प्राध्यापक आधी बोलोन्याला आणि मग पिसाला शिकवायचा. झाड दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याची रीत त्याच्या विद्यार्थ्यांनी सगळीकडे नेली. त्यातला एक आंद्रेआ चेझाल्पिनो. त्याने एका बिशपसाठी केलेला 768 नमुन्यांचा संग्रह फ्लॉरेन्समध्ये अजून आहे, 1563 सालचा. औषधी गुण किंवा वर्णमाला यांच्या आधाराने झाडं लावण्याऐवजी फळ नि बी बघून गट करावेत, हे त्याने 1583 च्या आपल्या ग्रंथात मांडलं. लिनियसच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी!

1563 हे साल ऐकून तुला काही आठवतंय का? त्याच साली गोव्यात गार्सिया द ओर्ताचं पुस्तक छापलं गेलं, आपल्याकडच्या औषधींवरचे संवाद. आंबा, फणस, हिंग, अफू, सगळं त्यात. 1564-65 मध्ये क्लुसियस नावाचा एक गृहस्थ झाडं जमवत स्पेन-पोर्तुगाल पालथं घालत होता. त्या फेरीत गोव्याचं हे पुस्तक त्याच्या हाती लागलं. 1567 साली त्याने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला, आणि 1576 साली स्पेनच्या दुर्मीळ वनस्पतींवर स्वतःचा ग्रंथ. म्हणजे आपला फणस आणि स्पेनमधली रानफुलं एकाच माणसाच्या टेबलावरून युरोपात गेली. मला हे वाचून उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

तर कपाट. एखादं झाड ‘नवं’ ठरवायचं तर ते सापडणं हा सगळ्यात सोपा भाग. त्याचे जेवढे म्हणून नातेवाईक आहेत, त्या सगळ्यांच्या वाळलेल्या नमुन्यांशी ते ताडून बघायचं. कुणी दीडशे वर्षांपूर्वी फ्रेंचमधून वर्णन केलंय का, कुणी जर्मनमधून भलतंच नाव देऊन ठेवलंय का, हे धुंडाळायचं. मग एक नमुना प्रमाण म्हणून नेमायचा, टाइप म्हणतात तो, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते सांगायचं. 1958 पासून टाइपशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत. वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही 1935 पासूनची सक्ती मात्र 2012 च्या जानेवारीत उठली, आता इंग्रजीही चालतं. मला थोडं वाईटच वाटलं. तेवढ्यासाठी लॅटिन शिकणारी माणसं आता कोण असणार?

या ताडण्याला किती वेळ लागतो, ऐक. 2010 साली एका जागतिक पाहणीत हिशोब मांडला गेला. नव्या जातींपैकी, पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालेल्या फक्त 16 टक्के. जवळजवळ पाव जाती तर अशा, की ज्यांचे नमुने पन्नास वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होते. म्हणजे झाड खुडून आणणारा निवृत्त झाला, कदाचित वारलाही, आणि मग कुणीतरी फडताळ उघडून म्हणालं, अरे, हे तर वेगळंच आहे! शोध रानात लागतो, असं मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले. बराचसा फडताळापाशी लागतो.

आणि एवढं करून भांडणं मिटतात असं समजू नकोस. समुद्रकाठच्या खडकांवर लिमोनियम नावाची जांभळी फुलं येतात. यातल्या पुष्कळ जाती परागकणाशिवायच बी धरतात. आईची हुबेहूब नक्कल लेक, लेकीची नात. त्यामुळे दर भूशिराचा वाण किंचित वेगळा. कातानियाच्या साल्वातोरे ब्रुल्लो यांनी या लिमोनियममधल्या आणि रानटी कांद्या-लसणांमधल्या कितीतरी जातींना नावं दिलीत. आता दर खडकाची वेगळी जात मानायची की नाही, यावर दोन पंडित कधी एक होत नाहीत. मादोनिए डोंगरातलं फर घे. जगात पूर्ण वाढलेली तीसेक झाडं. आधी नुसता एक वाण म्हणून नोंदलं गेलं, 1908 साली मत्तेईने जातीचा दर्जा दिला. झाड तेच, पाटी बदलली. पण पाटी बदलल्यावर ते सिसिलीपुरतं एकमेव ठरलं आणि माणसं त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. म्हणून मी म्हणते की वर्गीकरण हा नुसता कारकुनी मामला नाही.

सगळ्यात रंगलेलं भांडण ऑफ्रिसचं. हे छोटं ऑर्किड. फूल असं की, वाटावं पाकळीवर माशी बसलीय. ऑफ्रिस स्पेक्युलमच्या पाकळीला निळी झाक आणि कडेला तपकिरी लव. फुलात मध नाही. तरी एका जातीच्या गांधीलमाशीचे नर झुंबड करतात. का, ते सांगितलं एका न्यायाधीशाने! पुयान हा अल्जीरियात कोर्टात बसायचा आणि उरलेला वेळ फुलं बघायचा. 1916 साली त्याने स्विस बागायतदार कोरेव्हॉनबरोबर लिहिलं की, नराला ते फूल मादी वाटतं आणि तो तसाच वागायला लागतो. त्या खटपटीत पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. नर माद्यांच्या काही आठवडे आधी बाहेर पडतात, फुलांचं फावतं ते तेवढ्यात. माद्या आल्या की फुलांचा भाव उतरतो. 1999 साली संशोधकांनी दुसऱ्या एका ऑफ्रिसच्या बाबतीत दाखवलं की, फुलाचा वास आणि त्यावर येणाऱ्या मधमाशीच्या मादीचा वास यांतले पदार्थ तेच आहेत. न्यायाधीशाचा निकाल कायम!

आता भांडण असं. वासात जरासा फरक झाला की दुसऱ्याच माशीचे नर येतात. पहिलीकडचे पराग मग येत नाहीत. म्हणजे जात वेगळी झाली, नाही का? असं मानणारे ऑफ्रिसच्या अडीचशेच्या वर जाती मोजतात. डीएनए पाहणारे म्हणतात, छे, अजून त्यांच्यात धड अंतरच पडलेलं नाही, दहाच्या आसपास जाती पुरे. दहा आणि अडीचशे! खरं सांगू, मला दोघांचंही पटतं. जाती पूर्ण झाल्यावर आपल्याला दिसतात अशी आपली समजूत. ऑफ्रिसमध्ये जात होता होता दिसतेय. अर्धवट झालेल्या कामाला काय नाव द्यावं, यावर मतभेद होणारच. मोजण्यापुरतं विचारशील तर मी दहावाल्यांच्या बाजूने आहे, कारण अडीचशे पाठ करण्याचं माझं वय नाही.

झेल्कोवाचाही असाच पेच आहे. तिचं आणखी एक बन काही किलोमीटरवर 2009 मध्ये सापडलं, सगळ्यांना आनंद झाला. पण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, म्हणून बी वांझ. एका बनातली सारी झाडं म्हणजे मुळांतून फुटत गेलेली एकाच झाडाची रूपं. मग ही जात म्हणायची की दोन झाडं? इथल्या लोकांनी वाद बाजूला ठेवून तिची रोपं इतरत्र लावायला घेतली आहेत, ते मला शहाणपणाचं वाटलं.

पुरे. तू यायचं म्हणतेस तर उन्हाळ्यात अजिबात येऊ नकोस, गवत जळलेलं असतं आणि विमानाचं तिकीट दुप्पट. मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत ये, तेव्हा ऑफ्रिस फुललेली असतात. चालायचे बूट आण. गुडघ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून घे, कारण ही फुलं वीतभर उंच असतात आणि बघायची तर जमिनीवर बसावं लागतं. भिंग माझ्याकडे आहे. आणि व्हिसाचा अर्ज या महिन्यातच कर, तुझी मागच्या वेळची घाई मला माहीत आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मंदा