बोट की बोगदा?

इंग्लंडहून स्वतःची गाडी घेऊन फ्रान्सला जायचे म्हटले की मध्ये समुद्र आडवा येतो. डोव्हरच्या सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटरच्या आसपास आहे. हवा स्वच्छ असली तर पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसतो. हे पाणी गाडीसकट ओलांडायचे दोन मार्ग आहेत. डोव्हर बंदरात मोठ्या बोटीच्या पोटात गाडी चढवायची आणि दीड तासाने कॅलेला उतरायचे. नाहीतर फोकस्टनला गाडी आगगाडीच्या डब्यात घालायची आणि समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यातून ३५ मिनिटांत पलीकडे निघायचे. गेल्या ऑगस्टमध्ये या दोहोंतला एक मार्ग निवडायला आमच्या घराला अकरा दिवस लागले.

घर म्हणजे बर्मिंगहॅमला राहणारे आम्ही नवरा-बायको, चौदा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेले अब्बा आणि अम्मी. गाडी सात जणांची, माणसे सहा.

आईवडिलांना बोलावून घेऊन अशा सफरीचा बेत करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो मुंबईहून निघण्याआधीच काढावा लागतो. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आल्यावर इथे अर्ज करू म्हटले तर सहसा चालत नाही. ब्रिटनचा व्हिसाही पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, ते पाहावे. आम्ही हे सगळे फेब्रुवारीतच केले होते. म्हणजे कागदपत्रांची अडचण नव्हती. अडचण माणसांची होती.

अब्बा तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते. खलाशी म्हणून चढले आणि बोसन म्हणून उतरले. याच सामुद्रधुनीतून ते कितीदा गेले याची मोजदाद नाही, पण डोव्हरला त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर हृदयाचे ऑपरेशन झाले आणि मग जेट्टीवर जाऊन बसणे एवढाच दर्या उरला. बोटीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला सोयीचं असेल ते करा." आमचे अब्बा असे म्हणतात तेव्हा त्यांना काय हवे असते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

आणि अम्मी बोटीत बसत नाही. तिच्या जन्माआधीची गोष्ट आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. अम्मीचे थोरले चाचा रोजे धरायला घरी निघाले होते. त्यांची पेटी आठवड्यापूर्वीच कुणाबरोबर तरी पुढे पाठवलेली होती, ती तेवढी पोहोचली. ती पेटी अम्मीच्या माहेरी अजून आहे, तिच्यात तांदूळ ठेवतात. कोकणातल्या अनेक घरांत रामदासची अशी एखादी खूण सापडेल. दर्यावर्दी माणसाशी निकाह लावून दिला, तेव्हाही अम्मीने अट घातली होती की मला पाण्यावर न्यायचे नाही. दिघीला जाऊन जंगल जेट्टीने पलीकडे दहा मिनिटांत पोहोचता येते, तिथेही ती रस्त्याने वळसा घालून जाते.

मग बोगदा घ्यावा, तर अम्मीचे म्हणणे असे: "वर दर्या आणि खाली आपण. म्हणजे बुडूनच जायचं की!"

तिला समजवायला आम्ही कागद घेऊन बसलो. बोगदा ५० किलोमीटर लांब आहे, त्यातला सुमारे ३८ किलोमीटरचा भाग समुद्राखाली. पण तो पाण्यात टाकलेला नळ नाही. समुद्राच्या तळाखाली सरासरी ४० मीटरवर खडूच्या मऊ, पण पाणी सहज न झिरपू देणाऱ्या थरातून तो कोरला आहे. बोगदे खरे तर तीन आहेत. जाण्याचा एक, येण्याचा एक, आणि दोघांच्या मध्ये माणसांना बाहेर काढता यावे म्हणून तिसरा. १९९४ च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ आणि अध्यक्ष मितराँ यांच्या हस्ते तो सुरू झाला. १९९६ आणि २००८ साली मालमोटारी नेणाऱ्या गाड्यांना आत मोठ्या आगी लागल्या, पण त्या मधल्या बोगद्यामुळे दोन्ही वेळा एकही माणूस दगावला नाही.

बोटीची वाईट बातमी मात्र आम्ही तिच्यापासून लपवली. ती अब्बांनीच स्वयंपाकघरात सांगून टाकली. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून डोव्हरला निघालेली गाड्यांची बोट पुढचे दार उघडे राहिल्यामुळे पाणी शिरून कलंडली, १९३ माणसे गेली. "दार लावणारा झोपला होता, आणि लागलं की नाही हे कप्तानाला दिसायची सोयच नव्हती," अब्बा म्हणाले. "आता कप्तानासमोर दिवा असतो. दार लागल्याशिवाय कोण निघतो?" त्यांना धीर द्यायचा होता. अम्मी पोळपाटावरून उठून गेली.

पैशांचा हिशेब करणाऱ्यांसाठी सांगतो. बोगद्याचे भाडे गाडीवर असते, आत माणसे किती हे पाहत नाहीत; नऊपर्यंत चालतात. आम्ही पाहिले त्या दिवशी बोटीचे तिकीट बोगद्याच्या जवळजवळ निम्मे होते. शाळेच्या सुट्टीत दोन्ही चढतात आणि उशीर केला तर आणखी चढतात. गॅसवर चालणारी गाडी बोगद्यात घेत नाहीत. छपरावर पेटी बांधली असेल तर तिकीट काढतानाच उंची सांगावी, कारण १.८५ मीटरपेक्षा उंच गाड्यांचे डबे वेगळे. बोटीत गाडी लावून सर्वांना वर यावेच लागते, गाडीत बसून राहता येत नाही. बोगद्यात उलट, आपली गाडी हीच आपली खोली. गुडघे दुखणाऱ्यांना आणि झोपलेल्या लेकरांना ते बरे. गाडी चालवणाऱ्याला मात्र बोटीत दीड तास खरी विश्रांती मिळते.

शेवटी जाण्याचे तिकीट बोगद्याचे काढले आणि परतीचे काढलेच नाही. हा शहाणपणा नव्हता. पुढे त्याचे जादा पैसे पडले. पण वाद मिटत नव्हता आणि सुट्टी संपत होती.

खाण्याचाही एक धडा मिळाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून प्रवाशांना फ्रान्समध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. अम्मीचे खिमा समोसे आदल्या रात्री घरीच संपवावे लागले (याबद्दल मुलांची तक्रार नव्हती). बरोबर घेतल्या तांदळाच्या भाकऱ्या, उकडलेले बटाटे आणि सोड्यांची चटणी.

फोकस्टनला इंग्लंडच्याच भूमीवर फ्रेंच अधिकारी पासपोर्ट तपासतात, आमचा शिक्काही तिथेच बसला. मग बाजूच्या दारातून गाडी आगगाडीत शिरते आणि डब्यांमागून डबे ओलांडत पुढच्या गाडीच्या मागे जाऊन थांबते. मध्ये दारे बंद होतात. इंजिन बंद, हँडब्रेक वर, काचा खाली करून ठेवायच्या. काचा खाली केल्या आणि सोड्यांच्या चटणीचा वास साऱ्या डब्यात गेला. पुढच्या गाडीतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिले. लेक सीटखाली तोंड लपवून बसली.

अम्मीने तसबीह काढली होती. गाडी केव्हा सुटली ते कळलेच नाही, कान थोडे दडपले तेव्हा आत शिरल्याचे समजले. पिवळा उजेड, पत्र्याच्या भिंती, बारीक थरथर. दहा मिनिटांनी अम्मीने विचारले, "दर्या आला का?" मुलगा म्हणाला, "दादी, डोक्यावर आहे." तिने वर गाडीच्या छपराकडे पाहिले आणि पुन्हा मणी ओढायला लागली. पण हात कापत नव्हता. सगळी माणसे हाताच्या अंतरावर आणि दार आपल्याच गाडीचे, यामुळे तिला बरे वाटले असावे. पलीकडे उजेडात आलो तेव्हा म्हणाली, "एवढंच? आपल्या कोकण रेल्वेसारखंच की."

अब्बा गप्प होते. पुढे डावीकडे बसल्यामुळे टोलनाक्यांचे काम त्यांच्याकडे होते. तिथे आपली इंग्लंडची गाडी, स्टिअरिंग उजवीकडे आणि टोलची खिडकी डावीकडे. तिकीट घ्यायचे, परत द्यायचे, हे ते मन लावून करत. पहिल्या नाक्यानंतर एवढेच बोलले, "दर्या ओलांडला म्हणतात, पण दिसला कुठे?"

फ्रान्समधले आठ दिवस इथे लिहीत नाही, त्यावर अनेकांनी लिहिले आहे. फक्त एक. कॅलेपासून सव्वा-दीड तासावर नव्ह-शापेल या खेड्याच्या वेशीवर हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात इथे पडलेल्या आणि कबर किंवा चिता ठाऊक नसलेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावे गोलाकार भिंतीवर कोरलेली आहेत. आम्ही फातिहा पढलो. अब्बा नावे वाचत सर्वांत मागे राहिले. पाण्यापलीकडून आलेली आणि परत न गेलेली इतकी माणसे पाहून अम्मीला चाचा आठवले असणार. त्या रात्री जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "तुमचे अब्बा तीस वर्षं दर्यावर काय करत होते, ते मी कधी पाह्यलंच नाही. मनिऑर्डर तेवढी पाह्यली."

कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "बोटीचं तिकीट अजून मिळतं का?"

मिळाले, महाग मिळाले. कॅलेला तिकीट दाखवतानाच वृद्ध माणसे आहेत, जिना जमणार नाही, असे सांगितले, म्हणून गाडी लिफ्टजवळ लावून घेतली. ज्यांच्या घरात गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी हे आधी कळवावे, नाहीतर उभे जिने चढावे लागतात. त्या दिवशी वारा होता, पाण्यावर पांढरे फेस दिसत होते. अम्मीने लिफ्टचा दांडा आणि सुनेचा हात दोन्ही धरले होते.

बोटीत शिरल्यावर अब्बा एकदम दुसरेच झाले. मोठ्या खिडक्यांजवळच्या जागा रिकाम्या होत्या, त्या त्यांनी घेऊ दिल्या नाहीत. "समोर बसलात तर नाक वरखाली होणार. बोटीच्या मधोमध आणि होईल तितकं खाली, तिथं सगळ्यात कमी हलतं." अशी जागा शोधून त्यांनी अम्मीला भिंतीकडे बसवले आणि स्वतः शेजारी बसले. बोट सुटली. आम्हाला वाटले होते, ते सरळ डेकवर धावतील. ते उठलेच नाहीत. पायाखालच्या थरथरीवरून "आता बंदराबाहेर आलो", "आता वळला", असे हळू आवाजात तिला सांगत राहिले.

अर्धा तास गेल्यावर अम्मीच म्हणाली, "जा, पोराला दाखवून या. मी कुठे जाते?"

डेकवर अब्बांनी नातवाला जे दाखवले ते ऐकायला आम्हीही उभे राहिलो. ही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सागरी वाटांपैकी एक. रोज चारशेहून अधिक जहाजे इथून जातात, आणि त्यांना रस्त्यासारख्या दोन लेन आखून दिल्या आहेत. उत्तर समुद्राकडे जाणारी फ्रान्सच्या बाजूने, अटलांटिककडे जाणारी इंग्लंडच्या बाजूने. आमची बोट त्या दोन्ही लेन आडव्या कापत चालली होती. "म्हणून आपला कप्तान आता खरा जागा आहे," अब्बा म्हणाले. लांबच्या ठिपक्याकडे बोट दाखवून ते सांगत, हा तेलाचा, हा कंटेनरचा, तो रिकामा चाललाय. रिकामा कसा ओळखलात, असे मुलाने विचारले. "खालचा लाल रंग किती वर आलाय बघ. पोट भरलेलं असतं तर तो पाण्यात असता."

जोहर आणि असर प्रवासात एकत्र पढायची होती. फोनवर दिशा पाहू लागलो तर अब्बांनी सूर्याकडे आणि बोटीमागे उमटणाऱ्या फेसाच्या रेषेकडे पाहिले. "फोन कशाला? काबा सरळ मागे आहे, जिकडून आलो तिकडे." फोनने दोन मिनिटांनी तेच सांगितले. एका आडोशाच्या कोपऱ्यात जाजम टाकून ते उभे राहिले, आणि बोट हलत असताना त्यांचा तोल इंचभर ढळला नाही. आमचा मात्र दोनदा गेला.

या वेळी अम्मी खाली होती असे आम्ही समजत होतो. ती लेकीचा हात धरून डेकच्या दारापर्यंत आली होती. दाराचा उंच उंबरठा तिने ओलांडला नाही. आत उभी राहून दहाएक मिनिटे ती त्यांना बघत होती, असे लेकीने नंतर सांगितले. परत जाताना एवढेच म्हणाली, "त्यांना कानटोपी घालायला सांग, वारा लागतोय." अब्बांना हे ठाऊक नाही. हा अंक गावी जातो, तेव्हा आता ठाऊक होईल.

डोव्हरचे पांढरे कडे जवळ आले, गाड्यांकडे जाण्याची सूचना झाली. गाडी कोणत्या मजल्यावर लावली होती ते आम्ही विसरलो होतो, ते अम्मीच्या लक्षात होते. उतरल्यावर पहिल्याच पेट्रोलपंपावर थांबून तिने गावी बहिणीला फोन लावला. दर्याखालून कशी गेले, डबा कसा होता, कान कसे दडपले, हे सगळे तिने हात नाचवत वीस मिनिटे सांगितले. परत कशी आलीस, असे पलीकडून विचारले असावे. "आलो तसेच," अम्मी म्हणाली, आणि फोन अब्बांच्या हातात दिला.