वारशाचे घड्याळ : एक पाठचिकित्सा

वारसा म्हणून आलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न सामान्यतः मालकीच्या भाषेत मांडला जातो. परंतु ती वस्तू कोणाकडे जावी हे ठरवण्यापूर्वी ती काय आहे, हे ठरवावे लागते. आणि ते ठरवताना वारसदार नकळत वाचकाची, क्वचित संपादकाचीही भूमिका घेत असतो. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे वडिलांचे ओमेगा कॉन्स्टेलेशन हे मनगटी घड्याळ आले, त्या प्रसंगाचा विचार या दृष्टीने करता येईल.

वडील व्यापारी जहाजांवर अभियंता होते. एडन हे तेव्हा करमुक्त बंदर होते. तेथे १९६२ साली त्यांनी हे घड्याळ घेतले. कॉन्स्टेलेशन ही मालिका ओमेगाने १९५२ मध्ये बाजारात आणली होती. तिच्या पाठीवर वेधशाळेची प्रतिमा आणि आठ तारे कोरलेले असतात. घालणाऱ्याच्या त्वचेला टेकलेली ही बाजू एरवी कोणाला दिसत नाही. घड्याळ ‘स्वयंचलित’ होते. हात हलला की आतील वजनदार अर्धवर्तुळ फिरते आणि त्या गतीने स्प्रिंग गुंडाळली जाते. मनगटावरून उतरवून ठेवले, तर असे घड्याळ साधारण दोन दिवसांत थांबते. म्हणजे ज्याला स्वयंचलित म्हणायचे, ते प्रत्यक्षात दुसऱ्याच्या देहावर चालते. पुढे जो निर्णय झाला, त्याच्या मुळाशी हा यांत्रिक तपशील आहे.

वडील २०१९ साली गेले. दिवसकार्य आटोपल्यावर घड्याळ प्राध्यापकांकडे आले. कोणी कोणाला विचारले नाही. बापाचे घड्याळ मुलाकडे जाते, हा संकेत इतका रूढ आहे की तो संकेत आहे याचाही विसर पडतो. फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९) या कादंबरीत आजोबांचे घड्याळ बापाकडून क्वेंटिनकडे येते. तो त्याची काच फोडतो, काटे उपटतो, तरी आतली टिकटिक थांबत नाही. पुरुषपरंपरेचे ओझे वाहण्यासाठी कादंबरीकाराने घड्याळच निवडावे, यात योगायोग फारसा नाही.

आपल्याकडील धर्मशास्त्राने मात्र या बाबतीत वेगळी वाट सुचवली होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वस्त्र, वाहन, अलंकार यांची गणना अविभाज्य वस्तूंत केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेत विज्ञानेश्वर बृहस्पतीचे वचन उद्धृत करतो : बापाने वापरलेली वस्त्रे, अलंकार, शय्या इत्यादी गंधपुष्पांनी पूजून श्राद्धभोक्त्याला द्यावीत. जे अंगावर होते त्यावर कोणाही पुत्राचा हक्क नाही. ते घराबाहेर गेले पाहिजे. अंगस्पर्श झालेल्या वस्तूला बाजारी मापाने मोजणे आणि भावंडांत वाटणे त्या परंपरेला अवघड वाटले असावे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, तो मृत्युपत्र न करता गेल्यास, मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा दिला. परंतु एका घड्याळाचे दोन वाटे करायचे, तर ते विकावेच लागते.

विक्रीचा विचार २०२१ मध्ये प्रत्यक्षात आला, आणि तेथे एक अनपेक्षित अडचण उद्भवली. जुन्या घड्याळांच्या जाणकाराने भिंगातून पाहून तबकडी पुन्हा रंगवलेली असल्याचे सांगितले. अक्षरे किंचित जाड होती. तळाशी असायला हवी ती ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे गळाली होती. संग्राहकांच्या बाजारात अशा घड्याळाची किंमत बरीच खाली येते. भारतातून विकल्या जाणाऱ्या रंगवलेल्या, जोडतोड केलेल्या घड्याळांना तेथे ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नावही आहे. जाणकाराने उपाय सुचवला : त्याच काळातील अस्सल तबकडी मिळवून बसवावी, म्हणजे घड्याळ ‘मूळ रूपात’ येईल.

तबकडी रंगवून घेतली होती ती वडिलांनीच, १९७८ साली. पावसाळी दमटपणाने तिच्यावर डाग पडले होते आणि गिरगावातील एका कारागिराने ती नवी करून दिली होती. प्राध्यापकांच्या आठवणीत वडिलांच्या हातावर जी तबकडी होती, ती हीच. जाणकार ज्याला मूळ म्हणत होता ते रूप त्यांना परके होते, आणि ज्याला तो बनावट म्हणत होता, तेच त्यांच्या दृष्टीने अस्सल होते.

येथे पाठचिकित्सेचा अनुभव उपयोगी पडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत व्यासांची मूळ संहिता हाती आल्याचा दावा नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येईल तेवढे जुने रूप, एवढेच तिचे म्हणणे आहे. शिवाय जे श्लोक प्रक्षिप्त ठरले, ते फेकून दिलेले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपले आहेत, कारण पिढ्यांनी महाभारत वाचले ते त्यांच्यासह. अस्सल तबकडी बसवणे म्हणजे परिशिष्ट जाळून संहिता शुद्ध करणे झाले असते. तबकडी बदलायची नाही, एवढे प्राध्यापकांनी ठरवले. तेव्हा विक्रीचे कारणही उरले नाही.

इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात वस्तूलाही चरित्र असते, असे प्रतिपादन केले आहे. क्रयवस्तू कधी बाजारातून बाहेर पडून एकमेव ठरते, तर कधी पुन्हा बाजारात शिरते. या घड्याळाचे चरित्र मांडू लागल्यावर प्राध्यापकांना २०१७ ते २०१९ या दोन वर्षांचा हिशेब लागेना. पक्षाघातानंतर वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांचा हात हलत नव्हता. मग घड्याळ चालू कसे राहिले?

उत्तर धाकट्या बहिणीकडे होते. वडिलांची शुश्रूषा तीच करीत असे. सकाळी ती घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवी, दिवसभराची कामे त्यासह उरकी आणि संध्याकाळी ते पुन्हा वडिलांच्या हाताला बांधी. पट्टा सैल पडे, म्हणून तिने त्याला एक जास्तीचे भोक पाडून घेतले होते. ते भोक प्राध्यापकांनी अनेकदा पाहिले होते. वडिलांचा हात रोडावल्यामुळे ते पाडले असावे, असा त्याचा अर्थ सहज लागत होता. आता तोच पुरावा दुसरा पाठ सांगू लागला.

घड्याळ तिला द्यायचे ठरले, तेव्हा ती म्हणाली, “दादा, सांभाळायला देत असशील तर नको. घालायला देत असशील तर दे.”

या दोहोंतील अंतर वारशाच्या प्रश्नात निर्णायक आहे. लॉकरमध्ये घड्याळ सुरक्षित राहते, पण थांबलेले राहते. आतील तेलही कालांतराने सुकते. वापरले तर ते झिजणार, त्यावर ओरखडे पडणार आणि एक दिवस दुरुस्तीपलीकडे जाणार. जतन हेच वारशाचे एकमेव कर्तव्य मानले, तर बहिणीची अट गैर ठरते. परंतु ज्या वस्तूची रचनाच दुसऱ्याच्या हालचालीवर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत झीज हीच तिच्या असण्याची किंमत आहे. वाचकाविना संहिता टिकते, पण ती चालत नाही. मात्र हा युक्तिवाद प्राध्यापकांचे दुःख कमी करीत नाही. घड्याळ गेले, ते वडिलांची त्यांच्याकडे असलेली एकमेव अंगावरची वस्तू घेऊन गेले.

घड्याळासोबत त्यांनी एक चिठ्ठी दिली. तिच्यात चारच नोंदी होत्या : खरेदी, एडन, १९६२, तबकडीचे पुनर्रंगण, गिरगाव, १९७८, २०१७ ते २०१९, चालते ठेवणारी व्यक्ती, २०१९ ते २०२१, बंद. तिसऱ्या नोंदीपुढे बहिणीचे नाव होते. घड्याळाच्या इतिहासात ते तोवर कुठेही लिहिले गेले नव्हते.