याला पट्टा पुरत न्हाय!

विमानाचं तिकीट काढताना तुम्ही आधी काय बघता? भाडं? वेळ? फुकट मिळणारं सँडविच? मी विमानाचं मॉडेल बघतो. एअरबस ए-३२० असेल तर इकॉनॉमीची सीट साधारण अठरा इंच रुंद, बोइंग ७३७ असेल तर साधारण सतरा. एका इंचाने काय होतं असं ज्यांना वाटतं, त्यांची पँट कधी चाळीसच्या पुढे गेलेली नसावी.

माझी गेलीय. वजन ११८ किलो, उंची पाच फूट नऊ इंच. वय तेहतीस, नोकरी आयटीत, मुक्काम पनवेल आणि गाव कुडपण. म्हणजे पोलादपूर तालुक्यात, पार सह्याद्रीच्या खांद्यावर. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबई-पुण्याची मंडळी येतात आणि ‘वॉव’ म्हणून फोटो काढतात ना, तिथलाच मी. आमच्याकडची माणसं चढ-उतार करून काटक असतात. मी अपवाद. आजीवर गेलोय म्हणे.

आता जाड माणसाला प्रवास नवा नसतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायला मी कधी जात नाही, आणि मी तिसरा असलो तर चौथा मला विचारत नाही. एसटीत कंडक्टर म्हणायचे, ‘सरकून घ्या,’ की सगळा बाक सरकायचा. थोडे टोमणे, थोडी चिडचिड, पण पोलादपूर येईपर्यंत शेजारच्याने शेंगाही पुढे केलेल्या असायच्या. बाक आहे ना! बाकाला मधे कुंपण नसतं.

विमानात असतं. आर्मरेस्ट नावाचं.

२०१८ ची गोष्ट. ऑफिसने दिल्लीला पाठवलं. मी हुशारी केली. जादा पैसे भरून इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेतली सीट घेतली, पाय पसरायला जागा असते म्हणून. तिथे गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, त्या सीटचे हात वर होत नव्हते. दोन, पट्टा चार बोटं कमी पडत होता. पोट आत घेतलं, श्वास सोडला, कंबर उचलली. चारची तीन बोटं झाली, पुढे नाही. शेवटी एअर होस्टेस आली. पट्ट्याला जोडायचा तुकडा असतो, एक्स्टेंशन म्हणतात, तो त्यांच्याकडे असतोच. पण तो लागणाऱ्या माणसाला बऱ्याच कंपन्या एक्झिटच्या रांगेत बसू देत नाहीत, कारण तो लांबलेला पट्टा घाईत कोणाच्या तरी पायात यायचा. कारण अगदी बरोबर आहे. फक्त ते दीडशे माणसांसमोर उभं राहून ऐकायला लागतं.

मला मागे मधल्या सीटवर बसवलं. शेजारचे गृहस्थ माझ्याशी काही बोलले नाहीत. ते तिच्याशी बोलले. ‘मॅडम, दुसरी कोई सीट है क्या?’ नव्हती. मग मी दोन तास हाताची घडी घालून, खांदे आत ओढून बसलो. हात बधिर झाले. चहा घेतला नाही, कारण ट्रे पोटावर टेकून तिरका राहतो आणि कप घसरतो. दिल्लीला उतरल्यावर मीटिंगच्या आधी वॉशरूममध्ये जाऊन दंड चोळत उभा होतो.

त्यानंतर मी विमानात बसलोच नाही. आणि हे कोणालाही कळलं नाही, हे माझं सॉलिड कर्तृत्व! ‘मला ट्रेन आवडते यार, वाचन होतं.’ ‘कानाला प्रॉब्लेम आहे, प्रेशर सहन होत नाही.’ दिल्लीला राजधानी, बंगळूरला उद्यान एक्स्प्रेस, चोवीस तास. सुट्टी टाकून ऑफिसच्या कामाला जाणारा मी एकटाच असेन. २०२२ मध्ये एक प्रोजेक्ट आला, दर महिन्याला दोनदा गुरुग्राम. मी घरची अडचण सांगितली. ज्याने तो घेतला तो आज माझा बॉस आहे. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण अप्रेझलच्या दिवशी त्याच्यासमोर बसलो की मला त्या पट्ट्याची तीन बोटं आठवतात.

जायचं नाही म्हटलं तरी वाचन मात्र जोरात चालू होतं. रात्री दोन वाजता कोण काय वाचतं याचा भरवसा नाही. मी विमानातल्या जाड लोकांबद्दल वाचायचो. कॅनडात २००८ साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने सांगून टाकलं की लठ्ठपणामुळे ज्याला खरंच एका सीटमध्ये बसता येत नाही, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. एक माणूस, एक भाडं. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. उलट टोक म्हणजे सामोआ एअर. त्यांनी २०१३ मध्ये सरळ किलोवर तिकीट लावलं, भाजीसारखं. आपल्याकडे केदारनाथच्या हेलिकॉप्टरला काट्यावर उभं करतात आणि ८० किलोच्या वर गेलात की जादा पैसे. देवाच्या दारात वजन मोजून जाणं हे तसं आपल्या परंपरेतच आहे, पण तुला करतात तेव्हा निदान गूळ तरी वाटतात.

वजन मोजतात त्याला कारण असतं हेही वाचलं. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत शार्लट विमानतळावर एक छोटं विमान उडताच कोसळलं, २१ माणसं गेली. देखभालीत चूक झाली होती आणि विमान शेपटीकडे जड झालं होतं. कागदावर हिशेब जमला होता, कारण प्रवाशांचं वजन सरासरीने धरलं होतं आणि ती सरासरी जुनी होती. माणसं मधल्या काळात जाड झाली होती! मग सरासरी वाढवली. सीटची रुंदी मात्र कोणी वाढवली नाही. तिथल्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून सीटची किमान मापं ठरवा म्हटलं. २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली तर २६ हजारांवर आली. म्हणजे रात्री दोन वाजता जागा असणारा मी एकटा नव्हतो.

असो. तर ताई.

ताई बंगळूरला असते. पहिलं बाळंतपण, तारखेला तीन आठवडे होते. आईला मी दहा दिवसांनी घेऊन जाणार होतो. अर्थातच उद्यान एक्स्प्रेसने. ‘विमानात कान लई दुखतात आई, म्हाताऱ्या माणसाला तर फारच,’ हे मीच तिला पटवलेलं. तिने ते शेजारच्या काकूंनाही सांगितलं होतं.

शनिवारी मी कुडपणला होतो. रात्री अकरा वाजता दाजींचा फोन. पाणी गेलंय, हॉस्पिटलला नेतोय, डॉक्टर म्हणतात बघू. ताईचा मागून आवाज आला, ‘आईला आण.’ बस. एवढंच.

आईने माझ्याकडे बघितलं. ‘गाडी किती वाजता?’

गाडी म्हणजे ट्रेन. ट्रेनने सोमवार उजाडला असता. मी अंगणात फोनला रेंज शोधत उभा राहिलो आणि विमानाची तिकिटं बघायला लागलो. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या २५ डिसेंबरला सुरू झालाय, त्याला अजून दोन-अडीच महिनेच झाले होते. विमानतळ चक्क आपल्याच रायगड जिल्ह्यात, काय बोलता! दुपारचं विमान होतं. मी तीन सीट घ्याव्यात का असा विचार केला. इंडिगोने जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, एका माणसाला दोन सीट विकायची सोय काढली तेव्हा मी ती बातमी प्रेमपत्रासारखी वाचली होती. पण आई मागे येऊन उभी राहिली. ‘तीन कशाला? तिसरं कोण?’ मी दोन घेतल्या. शेजारी-शेजारी अशी एकच जोडी उरली होती. खिडकी आणि मधली.

पहाटे चुलतभावाच्या जीपने निघालो. घाट उतरून पोलादपूर, मग मुंबई-गोवा हायवे, ज्याबद्दल मी काही बोलत नाही. आई गप्प होती. महाड गेल्यावर अचानक म्हणाली, ‘तुझ्या आजीला डोलीत घालून खाली नेली तवा आठ माणसं लागली.’

मला माहीत नव्हतं. तेव्हा गाडीरस्ता नव्हता. आजीला पोटात दुखायला लागलं, चौघांच्या खांद्यावर डोली आणि चौघे बदली. बारक्या माणसाला चौघेच पुरतात.

‘आन् ती बाय सगळी वाट काय म्हनत होती सांगू? उतरवा रं मला, तुमचं खांदं गेलं, मी जड हाय. पोट धरून रडत होती आन् माफी मागत होती. मला असा राग आला! म्हटलं, आत्याबाई, गप पडा, तुमी काय दगड घालून घेतलेत व्हय पोटात?’

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिला माझं काही माहीत होतं का? मी विचारलं नाही.

विमानतळावर आईला सगळंच भारी वाटलं, सरकत्या जिन्यासकट. मला घाम. विमानात शिरताना दारातच हळूच एक्स्टेंशन मागायचं असं ठरवलं होतं, पण मागची माणसं ढकलत होती आणि एअर होस्टेस इतकी गोड हसली की मी पण नुसतं हसून पुढे गेलो. बावीस नंबरची रांग. आई खिडकीला, मी मधे. कडेला एक पंचविशीचा मुलगा, मांडीवर लॅपटॉप. मी बसलो तसा तो अर्धा पॅसेजमध्ये सरकला.

पट्टा काढला. पाच बोटं. २०१८ पेक्षा दोन जास्त. (प्रत्येक विमानातला पट्टा वेगळ्या लांबीचा असतो, हे मी स्वतःला लगेच सांगितलं.) मी शर्ट पट्ट्यावर ओढला. हो, हे पण करतात लोक. न लावता लावल्यासारखं दाखवायचं. एअर होस्टेस एकेक रांग तपासत येत होती. अठरा. एकोणीस.

आई बघत होती. तिने माझा शर्ट उचलला, जसा शाळेत जाताना चड्डीचं बटण बघायला उचलायची, आणि कुडपणच्या एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला हाक मारतात त्या आवाजात म्हणाली,

‘ओ बाई! याला पट्टा पुरत न्हाय! जोड हाय का जोड?’

पुढच्या चार रांगा वळल्या. एअर होस्टेस मराठीच निघाली. ‘आहे ना काकू, आणते.’ दोन मिनिटांत तुकडा आला, खटकन बसला. माझे कान पेटले होते. आई त्या बकलकडे बघून म्हणाली, ‘चांगलं केलंय. बैलाच्या जोत्याला असंच वाढवून घेतात.’

उडताना आर्मरेस्ट खाली ठेवावा लागतो. वर गेल्यावर, पट्ट्याचा दिवा विझल्यावर, मी आमच्या दोघांमधला उचलला. आईचं वजन ४२ किलो. तिची सीट अर्धी रिकामीच होती. मी तिच्या बाजूला सरकलो आणि किती तरी वेळाने माझे दोन्ही खांदे जागेवर आले. दोघांची सरासरी ८० किलो. केदारनाथलाही चाललो असतो. आई खिडकीला नाक लावून खाली बघत होती. ढग बघून म्हणाली, ‘आपल्याकडं पावसाळ्यात असंच असतंय की. यात काय यवढं?’

आणि कडेचा मुलगा? लॅपटॉप मिटून झोपला आणि त्याचं डोकं हळूहळू घसरत माझ्या खांद्यावर आलं. तोंड उघडं. मी हललो नाही. मी चहा घेतला, आईच्या ट्रेवर ठेवून.

उतरताना आईला ती जोड बरोबर घ्यायची होती. ‘परतीला लागंल की तुला.’ परत द्यावी लागते हे समजावताना नाकी नऊ आले. मग तिने हळू आवाजात विचारलं, ‘कान दुखलं का रं तुझं?’

मी नाही म्हणालो.

‘माझं बी न्हाय,’ ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ताईला आत नेलेलं होतं. आईला जेमतेम हात धरता आला. रात्री सव्वानऊला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. आईने तो आकडा कुडपणला फोन करून किमान सहा जणांना सांगितला. ‘वेळेच्या आधी हून बी अंगानं बरी हाय! मामावर गेलीय!’

दाजी माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

बुधवारी मी एकटाच परतलो. कडेची सीट घेतली होती. पॅसेजच्या बाजूचा आर्मरेस्टही बऱ्याच विमानांत उचलता येतो, बिजागरीजवळ खालच्या बाजूला एक बटण लपवलेलं असतं. हेही रात्री दोनचंच ज्ञान. दारात एअर होस्टेस उभी होती. मी म्हणालो, ‘एक्स्टेंशन लागेल.’ तिने ‘सर?’ म्हणून कान पुढे केला, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नव्हता. मागे लाइन थांबली होती. मी घसा खाकरला आणि परत म्हणालो.