पिंजऱ्याची जागा

हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. ज्या विरळ हवेत मनुष्याला चार पावले टाकणेही दुष्कर व्हावे त्या हवेत ते अखंड पंख मारीत राहतात, आणि याचे श्रेय त्यांच्या पंखांइतकेच त्यांच्या श्वसनसंस्थेला द्यावे लागते. आपली फुप्फुसे फुगतात आणि मिटतात, आत आलेली हवा आल्या वाटेनेच परतते, त्यामुळे ताज्या हवेत शिळ्या हवेचा अंश सदैव मिसळलेला राहतो. पक्ष्यांची फुप्फुसे मात्र जवळजवळ अचल असून, शरीरभर पसरलेले वायुकोश भात्याप्रमाणे चालून त्यांच्यातील हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात, आणि श्वास आत जात असो वा बाहेर पडत असो, ताज्या हवेचा रक्ताशी असलेला संबंध खंडित होत नाही. हवा आणि रक्त यांमधला पडदाही सस्तन प्राण्यांच्या मानाने कितीतरी पातळ.

हीच व्यवस्था, आपल्या बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या बजरीगरच्या देहातही असते. आणि जी रचना प्राणवायू टिपून घेण्यात इतकी तरबेज, ती विषारी वायूही तितक्याच तत्परतेने टिपते.

या गुणाचा उपयोग मनुष्याने पूर्वीच करून घेतला होता. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइडची पूर्वसूचना मिळावी म्हणून कोळशाच्या खाणीत लहान प्राणी नेण्याची शिफारस केली, आणि कॅनरी पक्षी ही चाकरी १९८० च्या दशकापर्यंत बजावीत राहिले. त्या इतिहासातली मला विशेष मोलाची वाटणारी गोष्ट ही, की मूर्च्छित पक्ष्याला शुद्धीवर आणण्यासाठी प्राणवायूचे छोटे नळकांडे बसविलेले पिंजरेही तेव्हा तयार झाले. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला जखडतो, परंतु वेळेवर शुद्ध हवा मिळाली तर ती पकड सुटू शकते.

आजच्या स्वयंपाकघरातले संकट या बाबतीत अधिक निष्ठुर आहे. नॉनस्टिक तव्यावरचा लेप बहुधा ज्या पदार्थाचा असतो, तो टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती शीतक वायूंवरील संशोधनात अकल्पितपणे लागला. नेहमीच्या आचेवर तो स्थिर राहतो. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला गेला, की काही मिनिटांतच तपमान २८० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, लेपाचे विघटन होऊन फ्लोरिनयुक्त वायू आणि अतिसूक्ष्म कण हवेत पसरतात, आणि घरातल्या माणसांना वासही न येता पक्षी धापा टाकू लागतो, त्याची शेपटी श्वासागणिक वरखाली होते व तो दांडीवरून खाली कोसळतो. माणसाला याचा उपसर्ग झालाच तर तो फ्लूसारख्या तापावर निभावतो. पक्ष्याच्या फुप्फुसांत मात्र रक्तस्राव होऊन पाणी भरते. यावर उतारा नाही. प्राणवायू, ऊब आणि शांतता यांपलीकडे माझ्या दवाखान्यात देण्यासारखे फार थोडे असते, आणि म्हणून पिंजरा कोठे टांगावा हा प्रश्न मी घराच्या शोभेचा नव्हे, तर चिकित्सेचाच भाग मानतो.

पिंजरा स्वयंपाकघरात वा त्याच्या दाराशी असू नये, एवढी ताकीद पुरेशी नाही, कारण दुसऱ्या खोलीतले पक्षीही या वायूने दगावलेले आहेत. ज्या घरात पक्षी आहे त्या घरात असा तवा असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिडाचा तवा तेल मुरवून नीट तयार केला, तर त्यावरून आंबोळी विनातक्रार सुटते. इस्त्रीच्या टेबलाचे आवरण, सँडविचचे यंत्र, उष्णता देणारे काही दिवे यांवरही हाच लेप असू शकतो, तेव्हा खरेदीच्या वेळी त्याची चौकशी करावी.

दिवाळीचे दिवस तर पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड. भिंतींचा ताजा रंग, व्हार्निश, धूप, कापूर, डासांची कॉइल, सुगंधी फवारे हे सारे त्याच्या फुप्फुसांस अपायकारक आहेच. शिवाय बाहेरच्या फटाक्यांचा धूर येऊ नये म्हणून खिडक्या मिटाव्यात, तर चकलीच्या कढईतल्या तापलेल्या तेलाचा धूर आत कोंडतो. यावर तोड अशी, की तळण सकाळी, खिडक्या उघड्या ठेवून व धूर बाहेर फेकणारा पंखा चालवून उरकावे, संध्याकाळी पिंजरा रस्त्यापासून सर्वांत दूरच्या खोलीत हलवावा, आणि रंगकाम काढले असेल तर वास पुरता जाईपर्यंत पक्ष्याचा मुक्काम आप्तांकडे ठेवावा.

इतके करूनही पक्षी धापा टाकताना दिसलाच, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, चोचीत पाणी वा औषध घालू नये, उगाच हाताळू नये, आणि पशुवैद्याला चुलीवर कोणते भांडे होते व घरात काय जाळले वा फवारले होते हे आवर्जून सांगावे. त्याच घरात दुसरे पक्षी असतील, तर ते तूर्त धडधाकट दिसत असले तरी त्यांनाही सोबत आणावे, कारण लक्षणे काही तासांनी प्रकट होण्याचा संभव असतो.