अप्पांचा एक प्रश्न आणि आमचं लेझर मशीन

गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले होते. दारावरच्या नावांच्या १२ पाट्यांची ऑर्डर होती. डिझाइन मी करते, रंगवते मी; पण लाकूड कापायचं काम बाहेरच्या एका दुकानात द्यावं लागायचं. त्या संध्याकाळी पाट्या हातात आल्या त्या कडा करपलेल्या, आणि ‘कुलकर्णी’मधला रफार चक्क जळून गेलेला. रात्रभर पॉलिश पेपर घासत बसले. पहाटे ठरवून टाकलं, आता आपलंच लेझर मशीन घ्यायचं.

आम्ही इंदूरचे. घरात मी, नवरा, बारावीतली लेक आणि सासरे. अप्पांनी इथल्या एका कापड गिरणीत फिटर म्हणून ३० वर्षं काढली. गिरणी बंद पडली, पण कापसाच्या धुळीने लावलेला खोकला तेवढा सोबत राहिला. मागच्या अंगणात त्यांची छोटी खोली आहे. करवती, कानशी, हातोड्या, सगळं जागच्या जागी. त्याच खोलीत मशीन ठेवायचं होतं. पैसे होते भिशीचे, बरोबर ५० हजार.

लेकीने मोबाइलवर शोध सुरू केला आणि तासाभरात ओरडली, “आई, ४० वॅट! आणि फक्त ३० हजार!”

मीही भुलले होते. मग नवऱ्याने बारीक अक्षरं वाचली. ते ४० वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा होता. प्रत्यक्ष किरणाची ताकद जेमतेम ५ वॅट. तेव्हापासून कुठलीही जाहिरात पाहिली की आम्ही एकच विचारतो, “किरणाचे वॅट किती?” विक्रेता गोलगोल बोलायला लागला की पुढची जाहिरात.

घरगुती बजेटमध्ये मुख्यतः दोन जातींची मशीन बसतात. एक डायोड लेझर, निळ्या किरणाचं. लहान, हलकं, स्वस्त. १० वॅटचा खरा किरण असेल तर ३ मिमी प्लाय किंवा एमडीएफ सावकाश का होईना, कापतं. पण पारदर्शक अॅक्रिलिक त्याला कापता येत नाही. उजेड काचेतून जावा तसा निळा किरण त्यातून आरपार निघून जातो.

दुसरं कार्बन डायऑक्साइडचं, काचेच्या नळीचं. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण पारदर्शक अॅक्रिलिक तो छान कापतो. हे लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधलं. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं! हे वाचल्यावर मला ते मशीन अगदी घरचंच वाटायला लागलं. पण त्याचा संसार मोठा. नळीला सतत पाणी फिरवायचं, आमच्या मे महिन्यात ते पाणी थंड ठेवायचं, नळीची ताकद संपली की नवी घ्यायची. शिवाय आत हजारो व्होल्टचा दाब, म्हणजे अर्थिंग पक्कं हवंच.

मी वही काढली आणि वर्षभराच्या ऑर्डरी मोजल्या. बहुतेक सगळ्या लाकडाच्या, पारदर्शक अॅक्रिलिकच्या अगदी थोड्या. तेवढ्यासाठी मोठं मशीन कशाला? ते काम बाहेर देत राहू.

मग पिशवीत आमचाच प्लाय, आमचंच एमडीएफ आणि ‘कुलकर्णी’चं डिझाइन घेऊन एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने आधी स्वतःचे नमुने दाखवले. मी म्हटलं, “भाऊ, हे आमचं कापून दाखवा.” कापलं, आणि रफारही शाबूत राहिला! खूश होऊन घरी आलो.

दारात अप्पांना गाठलं तर ते खोकायला लागले. माझ्या ओढणीला जळक्या एमडीएफचा वास होता. पाणी प्यायल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “धूर कुठं जाणार?”

कोणालाच उत्तर देता येईना. आम्ही वॅट पाहिले होते, किंमत पाहिली होती, बेडचा आकार पाहिला होता. धुराचा विचारच केला नव्हता.

अप्पा म्हणाले, “गिरणीत नवं यंत्र आलं की किती माल काढतं ते सगळे विचारायचे. धूळ कुठं जाणार, हे कुणी विचारलं नाही. नंतर ती आमच्या छातीत गेली.”

त्या रात्री वहीतलं पान फाडून मी नवा हिशोब मांडला. ५० हजार मशीनचे नाहीत, मशीनसकट सगळ्याचे. १० वॅटच्या डायोड मशीनला ३५ हजार. उरलेल्या १५ मध्ये मशीनवरची बंद पेटी, धूर ओढणारा पंखा, पाइप, कापताना हवा मारणारा छोटा पंप, त्या निळ्या किरणासाठीच बनवलेले चष्मे आणि अग्निशामक. साधा काळा गॉगल इथे काही कामाचा नाही. चकाकत्या वस्तूवरून परतलेला किरणही डोळा कायमचा घालवू शकतो. सॉफ्टवेअरने मात्र वाचवलं. इंकस्केप आणि लेझरजीआरबीएल दोन्ही फुकट मिळाली.

पाइप बसवला अप्पांनीच. खिडकीतून बाहेर काढून थेट गच्चीच्या वर नेला, शेजारच्या काकूंच्या वाळवणावर धूर जायला नको म्हणून. सांध्यांना पट्टी लावून, उदबत्ती धरून कुठे गळतंय का ते तपासलं. फिटर तो फिटरच!

आता वर्ष होत आलं. मशीन चालू असताना अप्पा पुढच्या खोलीत बसतात. धूर बाहेर गेला तरी एमडीएफ जळल्याचा थोडा वास राहतोच. पण दारावर त्यांच्या अक्षरात खडूने लिहिलंय: ‘चालू मशीन सोडून जाऊ नये.’ एकदा मी फोन घ्यायला उठणार तेवढ्यात प्लायमधल्या गाठीवर ज्योत उठली. हात बटणावर होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून फोन बाहेरच राहतो.

एक मोठी ऑर्डरही सोडली. गिऱ्हाईक स्वतःचे पांढरे फोमशीट घेऊन आलं होतं, १०० नग. चौकशी केली तर ते पीव्हीसी निघालं. पीव्हीसी लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसं जाळतो, मशीनचं लोखंडही गंजवतो. मी नाही म्हटलं. पैसे गेल्याची हळहळ दोन दिवस होती, खोटं कशाला बोलू?

हल्ली मैत्रिणी विचारतात, कोणतं मशीन घेऊ? मी कंपनीचं नाव सांगत नाही. म्हणते, आधी वर्षभरात काय कापणार ते लिहून काढ. किरणाचे खरे वॅट विचार. स्वतःचं सामान नेऊन कापून बघ. आणि सगळ्यात आधी घरात धूर कुठून बाहेर काढणार ती जागा शोध. तशी जागा नसेल तर मशीन घेऊ नकोस, काम बाहेर दे.

यंदा खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहिलं. अप्पांनी आपली जुनी कानस आणून शेजारी ठेवली. मग नमस्कार करून वर गेले आणि गच्चीवरचा पाइप घट्ट आहे ना, ते पुन्हा एकदा हलवून पाहिलं.