पाळीच्या आधाराने वाढलेले आयुष्य

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात असलेले नवेगावबांध हे तलावाकाठचे गाव रानवाटांनी भटकणाऱ्यांना आणि पक्षीनिरीक्षकांना परिचित आहे. टेकड्यांनी वेढलेले तेथील पाणी पाहणाऱ्यास निसर्गनिर्मित वाटते. परंतु लोकपरंपरेनुसार अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ‘सात बहिणी’ या टेकड्यांमधील मोकळ्या जागा मातीच्या पाळीने, म्हणजे बांधाने, अडवून हा तलाव घडवला. तलाव बांधणे आणि त्यांच्या पाण्यावर ऊस व धान पिकवणे यांत कोहळी समाज निष्णात होता. कोलू पाटलांना तर पुढे लोकांनी ‘कोलासूर’ म्हणून देवत्व दिले.

या भागातील माणसाचे आयुष्य पाळीच्या आधारानेच पुढे सरकते. बालपणी ती पोहायला शिकण्याची जागा असते. कर्त्या वयात धानाच्या रोवणीसाठी पाणी कधी व कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचे, या निर्णयाशी ती जोडली जाते. मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांत मासळी आणि शिंगाडे यांवर घर चालते. आणि उतारवयात पाळ कोठे पाझरते, गाळ कोठे साचतो, हे पुढच्या पिढीला दाखवण्याची जबाबदारी येते. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनमालक, यांची व्यवस्था १९५०च्या कायद्याने संपली, तेव्हा असे अनेक तलाव ‘माजी मालगुजारी’ किंवा ‘मामा तलाव’ म्हणून शासनाकडे आले. मालकी बदलल्याबरोबर देखभालीची गावकी मात्र सैल झाली.

१९७५मध्ये नवेगावबांध परिसरात राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने हा परिसर मराठी वाचकांच्या मनात रुजवला. या प्रसिद्धीचे मोल मोठे आहे. तरीही बेशरमासारख्या उपऱ्या वनस्पतीने काठ व्यापला आणि गाळाने पात्र उथळ झाले, तर पक्ष्यांचे खाद्य, ढिवरांची मासळी आणि शेतकऱ्याचे पाणी एकाच वेळी घटते. म्हणून पर्यटनाच्या प्रत्येक योजनेत पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे आणि या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या गावकऱ्यांचा निर्णयाधिकार यांना पहिले स्थान मिळाले पाहिजे, कारण ज्या सौंदर्यासाठी लोक येथे येतात, ते याच श्रमांनी टिकलेले आहे.